आत की कार्डवर?

दुकानदाराने चिमट्यात धरलेलं कार्ड दिव्यासमोर उंच केलं, त्यावर फुंकर मारली आणि डबीच्या कडेला असलेल्या खाचेत सरकवलं. टक् असा बारीक आवाज झाला.

"बोला साहेब," तो म्हणाला. "आत ठेवायचं, की कार्डवर?"

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं, आणि मागच्या बाकावर कानाचं यंत्र घ्यायला आलेले म्हातारबाबा यंत्राशिवायच दचकले.

आवाजच तसा होता. घाऊक बाजारात कांद्या-बटाट्याचा लिलाव पुकारण्यात त्यांची सगळी हयात गेली होती. पुकारायला त्यांना भोंगा कधी लागला नाही, म्हणून बाजाराने त्यांनाच भोंगा म्हणायला सुरुवात केली. पाठीमागे नुसतं भोंगा, तोंडावर भोंगासाहेब. गेल्या काही महिन्यांत त्या आवाजात खरखर शिरली होती, आणि ती खरखर कशाची आहे हे डॉक्टरांनी फोटो काढून दाखवलं होतं. परवा ऑपरेशन होतं. स्वरयंत्र काढून टाकणार, गळ्याला कायमचं भोक राहणार, श्वास तिथूनच घ्यायचा. बोलणं बंद. म्हणून ही डबी. भोंगासाहेब काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसले होते आणि त्यांची बायको बाजूच्या स्टुलावर, पिशवी मांडीवर घेऊन.

डबी तळहातात मावेल एवढीच होती. एक छोटा पडदा आणि त्याखाली बटणांच्या ओळी. एकेका बटणामागे एकेक वाक्य. बटण दाबलं की ते वाक्य ऐकू येणार, ज्याच्या आवाजात भरलं असेल त्याच्याच आवाजात.

"कार्डवर जागा भरपूर," दुकानदार समजावू लागला. रोज हेच समजावत असला तरी त्याला त्याचा कंटाळा नव्हता. "हजार वाक्यं भरा. पण कार्ड वाचायला डबीला जरा वेळ लागतो. बटण दाबलं की क्षणभर थांबते, मग बोलते. आणि कार्ड निघालं की डबी मुकी. आतल्या मेमरीत तसं नाही. दाबलं की लगेच. पण जागा थोडी, एकच संच मावतो. तिसरं म्हणजे वायर लावून बाहेरून पेनड्राइव्ह लटकवायचा, तो तुम्ही नका घेऊ, खिशात अडकतो. आणि चौथं नेटवरून, पण नेट गेलं की बोलणंही गेलं."

"आत," भोंगासाहेब म्हणाले. "लिलावात क्षणभर थांबलं की माल दुसऱ्याचा."

"ठीक. मग दवाखान्यातून आणलेलं हे कार्ड आत उतरवून देतो."

"ते नको! ते फेकून द्या."

दवाखान्यात एक मुलगी होती. आवाज जाणाऱ्या माणसांकडून ती आधीच वाक्यं म्हणवून घेऊन कार्डवर भरायची. तिची स्वतःची वाक्यांची माळ ठरलेली होती. मला पाणी हवं. मला दुखतंय. तू खूप केलंस माझ्यासाठी. तुझी आठवण येते. माझं चुकलं. घरी ये. सगळी वाक्यं म्हटल्याशिवाय डबीच्या कागदावर सही करणार नाही म्हणाली, म्हणून भोंगासाहेबांनी सडका माल एकदाचा काढून टाकावा तशी ती भराभर म्हणून टाकली होती. 'माझं चुकलं' म्हणताना त्यांना हसू आलं होतं आणि त्या हसण्याचा खोकला झाला होता. बायको शेजारीच बसली होती.

"ही काय माणसाची वाक्यं आहेत?" ते आता दुकानदाराला म्हणाले. "मी असलं कधी बोललोय का, विचारा हिला. माझी वाक्यं मी इथेच भरतो. चालू करा तुमचं यंत्र."

आणि त्यांनी भरली. मान मागे टाकून, डोळे मिटून, एकेक बटण. 'कुठे मेलीस?' 'एवढंही जमत नाही?' 'कोणी सांगितलं होतं?' 'डोकं आहे की खोकं?' 'मीठ कोण घालणार, शेजारी?' मग ऐन रंगात येऊन बाजारातली: 'माल बघून बोला!' 'कोण चढवतंय?' 'डागी माल, बाजूला काढा!' दुकानात गर्दी झाली, लोक हसू लागले. कानाचं यंत्र घ्यायला आलेले बाबा टाळ्या वाजवत होते. बायको पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती आणि तीच गाठ सोडत होती.

"एक प्रत कार्डवर ठेवू का?" दुकानदाराने विचारलं. "आतलं गेलं तर गेलं. मग मी काय, ब्रह्मदेवसुद्धा आणू शकणार नाही. परवानंतर पुन्हा भरताही यायचं नाही."

"माझ्या आवाजाची प्रत? कोणाच्या हाती पडायला?" भोंगासाहेब उठले. "बाकी चार्जिंग-बिर्जिंग काय ते हिला दाखवा. हिला दुसरं काम काय."

दुकानदाराने तिला सगळं दाखवलं. वायर कुठे लावायची, आवाज कुठून वाढतो. दवाखान्याचं कार्ड तिच्या हातावर ठेवत तो म्हणाला, "काकू, हे जपून ठेवा. पुढेमागे साहेबांचं मन बदललं तर खाचेत घाला. डबी विचारेल, कार्डवरून बोलू की आत घेऊ. कार्डवरून म्हटलंत तर आतलं आहे तसं राहील. आत घे म्हटलंत तर जुनं पुसून हे त्या जागी बसवेल. बघून दाबा."

"बघूनच दाबेन," ती म्हणाली.

*

दवाखान्यातून घरी आल्यावरचे पहिले काही दिवस घरात शांतता होती. शांतता म्हणजे काय हे ती विसरूनच गेली होती. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, उसवलेलं शिवायचं, एवढंच तिचं काम. इतकी वर्षं मशीन चालवूनही मशीन थांबताना एक बारीक सुस्कारा टाकतं हे तिला कधी ऐकूच आलं नव्हतं. आता ऐकू येत होतं. नळाचं ठिबकणं, जिन्यावरचं कोणाचं तरी चढणं, सगळं ऐकू येत होतं. नवऱ्याचा गळा कापला गेला आणि आपल्याला बरं वाटतंय, या विचाराने ती स्वतःलाच घाबरली आणि त्या दिवशी तिने त्यांच्या गळ्याच्या भोकात बसवलेली नळी दोनदा साफ केली.

मग टाके सुकले आणि भोंगासाहेबांनी डबी हातात घेतली.

'कुठे मेलीस?'

ती उठून गेली. दाबलं की लगेच, दुकानदार खोटं बोलला नव्हता. पूर्वी ओरडायला निदान श्वास घ्यावा लागायचा, तेवढी तरी उसंत मिळायची. आता तीही नव्हती. पूर्वी ओरडून घसा दुखायचा, पाणी प्यायला थांबायचे. डबीचा घसा दुखत नव्हता. एकच बटण ते पाच-सहा वेळा दाबायचे, आणि पाचव्यांदाही वाक्य तेवढ्याच जोराने यायचं, दुकानातल्या लोकांच्या हसण्याच्या बारीकशा शेपटासकट. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ डॉक्टरांनी कापून बरणीत घातला होता आणि पीळ तेवढा घरी परत आला होता.

डबीत नसलेलं काही सांगायचं असलं की ते पाटीवर लिहायचे. पण पाटीचा त्यांना कंटाळा होता. अक्षर लागायला बायकोला वेळ लागतो आणि तेवढ्यात राग थंड होतो.

हे सगळं ती सोसत आली होती आणि पुढेही सोसलं असतं. तिला हवं होतं ते वेगळंच. तिला लेक घरी यायला हवी होती.

लेकीला घरात अजून बेबीच म्हणायचे. बेबीने लग्न ठरवलं होतं तेव्हाची गोष्ट. मुलगा एक्स-रे काढायचं काम करायचा, चांगला होता, त्याचे आईवडील बोलणी करायला आले होते. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि भोंगासाहेबांच्या अंगात काय आलं कोण जाणे. मुलीने आपलं आपण ठरवलं हे डाचत असणार. उचलली जीभ लावली टाळ्याला. उभे राहिले आणि बाजारातल्यासारखा हात वर करून त्यांनी पुकारा केला: "बोला, काय चढवताय? माल घरचाच आहे, पण डागी आहे, हात लागलेला आहे, बघून बोला!" पाहुण्यांच्या हातातले कप हातातच राहिले. बेबी आतून आली, चप्पल घातली आणि त्या लोकांच्या मागोमाग जिना उतरली ती उतरलीच.

लग्न झालं, बरीच वर्षं गेली. आईशी ती फोनवर बोलायची, तेही दुपारी, बाबा बाजारात असतील तेव्हा. ऑपरेशनचंही तिला आईनेच सांगितलं होतं.

"ये ना गं एकदा," आई म्हणाली होती. "आता ते बोलू पण शकत नाहीत, डबीचं बटण दाबतात तेवढंच."

"त्यांनी बोलवू दे," बेबी म्हणाली. "तू नाही, आई. त्यांनी. त्यांनी स्वतः सांगितलं की चुकलं, तर त्याच दिवशी निघते. मला बाकी काही नको."

हे ऐकल्यापासून पिशवीच्या आतल्या कप्प्यातलं ते नखाएवढं कार्ड तिला जड होऊ लागलं. आधी तिने सरळ मार्ग धरला. नळी साफ करताना, म्हणजे ते मान वर करून गप्प बसलेले असताना, म्हणाली, "अहो, बेबीला दोन शब्द लिहून पाठवा ना. नाहीतर कार्डवरचं ते एक वाक्य लावू. तुम्हीच म्हटलंय ते."

भोंगासाहेबांनी डोळे न उघडताच डबी चाचपली. 'डोकं आहे की खोकं?'

*

दुपारी जेवून ते झोपले. गळ्यातल्या भोकातून श्वासाची शिट्टी ये-जा करत होती. तिने उशीजवळची डबी उचलली, पुढच्या खोलीत आली, मधलं दार लोटलं. सुईत दोरा ओवायची सवय असलेली बोटं ती. कार्ड पहिल्याच झटक्यात खाचेत बसलं. पडद्यावर अक्षरं उमटली: कार्डवरून बोलू, की आत घेऊ? तिने चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि 'कार्डवरून' दाबलं. मग बेबीला फोन लावला.

"बेबी, यांना तुझ्याशी बोलायचंय. डबीवरून."

तिने डबी फोनशी धरली आणि बटण दाबलं.

डबी क्षणभर थांबली. कार्ड वाचायला तिला तेवढा वेळ लागायचा. पण फोनच्या पलीकडे तो वेळ निराळाच वाटला असणार; मान खाली घालून बसलेला, जीभ रेटत नसलेला एखादा बाप दिसला असणार. मग आवाज आला, खरखरीत, खचलेला.

'माझं... चुकलं.'

मधली ती अडखळ हसू दाबल्याची होती. दवाखान्यात आई शेजारीच बसली होती, तिने ते हसू पाहिलं होतं.

बेबीने श्वास आत घेतला तेवढा ऐकू आला. आईने पुढचं बटण दाबलं. डबी पुन्हा थांबली. 'घरी ये.' पुन्हा थांबली. 'तुझी आठवण येते.'

"बाबा?" बेबी म्हणाली. मग लहानपणी पडल्यावर रडायची तशी, आवाज चोरून रडू लागली. "आई, बाबा रडतायत का गं?"

"हो," ती म्हणाली. हे काही कार्डवर नव्हतं. हे तिचं स्वतःचं होतं.

"येते मी. रविवारी येते. सांग त्यांना."

फोन ठेवल्यावर तिने कार्ड काढलं, डबी उशीजवळ नेऊन ठेवली. त्या दिवशी शिवलेली टीप वाकडी गेली आणि तिला ती उसवावीशीही वाटली नाही.

भोंगासाहेबांना तिने संध्याकाळी सांगितलं. "बेबी यायचं म्हणतेय. तिचं तिलाच वाटलं. म्हणाली, बाबांना बघायचंय."

'कोणी सांगितलं होतं?'

"कोणी नाही. आपणहून."

त्यांनी बटणावरचं बोट उचललं. काही बोलले नाहीत, म्हणजे दाबलं नाही. रविवारी सकाळी मात्र त्यांनी स्वतःहून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट मागितला आणि गळ्याच्या भोकावर बांधायचा फडका नवा घेतला. ते पाहून तिची खात्रीच पटली. एकदा समोरासमोर आले की झालं. कोण आधी काय बोललं हे मग कोण विचारतंय? लग्नात दोन्हीकडे थोडं थोडं खोटं बोलूनच माणसं एकत्र येतात, तसं हे.

*

बेबी एकटीच आली. केस थोडे पिकले होते, चालणं आईसारखं झालं होतं. दारातच तिने आईला मिठी मारली, आणि सरळ आत जाऊन बाबांच्या खुर्चीपाशी खाली बसली. त्यांचा हात हातात घेतला. भोंगासाहेबांनी हात ओढून घेतला नाही. ते तिच्या केसांतल्या भांगाकडे बघत होते, आणि आई दारात उभी राहून त्या दोघांकडे बघत होती. एवढ्यावरच कोणी तिला सांगितलं असतं की आता मर, तर ती मेलीही असती.

"बाबा," बेबी म्हणाली, "मी खूप राग धरला. पण तुम्ही चुकलं म्हणालात ना, तेवढं पुरे झालं मला. मी पण विसरले सगळं."

भोंगासाहेबांच्या भुवया वर गेल्या.

"मी चहा टाकते," आई म्हणाली. "बेबी, तू ये आत, दमली असशील, हात-पाय धू."

"थांब गं. फोनवर मी काहीच बोलले नाही, नुसती रडत बसले. म्हणून म्हटलं, समोर जाऊन सांगावं. तुम्हाला ते म्हणायला किती जड गेलं असेल, मला कळतं."

त्यांनी हात सोडवून घेतला. डबीकडे बघितलं, मग बायकोकडे. लिलावात मुरलेला माणूस. गोणीत वर चांगला आणि खाली सडका माल भरला असेल तर नुसत्या वजनावरून ओळखायचा. त्यांनी पाटी ओढली आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: मी म्हटलेलं नाही.

बेबी हसली. "असू दे बाबा, लाजू नका."

त्यांनी पाटी पुसली. लिहिलं: तुझ्या आईने बटण दाबलं. ऑपरेशनच्या आधीचं. दवाखान्यात सगळ्यांकडून म्हणवून घेतात.

बेबीने वाचलं. पुन्हा वाचलं. मग मान वळवून आईकडे बघितलं. आई पदराला कोरडेच हात पुसत होती.

एवढ्यावर ते थांबू शकले असते. पाटी खाली ठेवून गप्प बसले असते तरी लेक कदाचित बसली असती, रडली असती, चहा घेऊन गेली असती. पण गिऱ्हाईक समोर गप्प उभं आहे आणि आपण पुकारा करत नाही, हे त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. अंगठा बटणावर गेला. डबी क्षणभरही थांबली नाही.

'डागी माल, बाजूला काढा!'

मागोमाग दुकानातलं ते हसणं, टाळ्या.

बेबी उठली. पिशवी घेतली. आई जिन्यापर्यंत मागे धावली, दंड धरला, म्हणाली, "अगं, मी तुझ्यासाठीच, मला वाटलं की एकदा भेटलात की..."

"त्यांचं मला माहीत होतं, आई," बेबी म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "तुझं माहीत नव्हतं."

तिने दंडावरचा हात काढला, ओरबाडून नव्हे, कपड्यावरचा दोरा काढावा तसा, आणि जिना उतरली.

सोमवारी दुपारी आईने फोन लावला. लागला नाही. मंगळवारीही नाही. शेजारणीच्या फोनवरून लावला तेव्हा लगेच लागला. आवाज ओळखल्यावर तसाच ठेवला गेला.

*

भोंगासाहेबांच्या बाजूने तो विषय संपला होता. सौदा फिसकटला, पुढची गोणी. त्यांना उलट जरा तरतरीच आली होती. 'मीठ कोण घालणार, शेजारी?' 'एवढंही जमत नाही?' जेवले, झोपले.

तिने डबी पुढच्या खोलीत आणली. दार लोटलं नाही. कार्ड खाचेत बसवलं. पडद्यावर तीच अक्षरं आली: कार्डवरून बोलू, की आत घेऊ?

तिने 'आत' दाबलं.

जुनं सगळं पुसलं जाईल, परत आणता येणार नाही, चालेल? डबीने विचारलं. या घरात इतक्या सभ्यपणे तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. तिने चष्म्याची काच पदराला पुसली, अक्षरं पुन्हा एकदा नीट वाचली आणि 'हो' दाबलं. एक बारीक रेघ डावीकडून उजवीकडे भरत गेली. आतल्या खोलीत गळ्याची शिट्टी चालू होती. रेघ भरली. तिने कार्ड काढलं, मशीनवरची मोठी कात्री घेतली आणि कार्डाचे मधोमध दोन तुकडे केले. मग डबी उशीजवळ ठेवून परत मशीनवर येऊन बसली. एका पँटची चेन बदलायची होती.

जाग आल्यावर त्यांनी नेहमीचं बटण दाबलं.

'माझं चुकलं.'

मशीन चालू होतं. ते तसंच चालू राहिलं.

मग पुन्हा, 'माझं चुकलं.' मग दुसरं, 'तू खूप केलंस माझ्यासाठी.' तिसरं, 'तुझी आठवण येते.' मग भराभर सगळ्या ओळी, वरून खाली, खालून वर, लिलाव संपत आल्यावर पुकारावं तशा. 'मला दुखतंय, घरी ये, माझं चुकलं, माझं चुकलं.' त्यांचाच आवाज. जगात आता तेवढाच उरलेला.

ते दारात आले. चेहरा लाल झाला होता. एका हातात डबी, दुसऱ्यात पाटी. पाटीवर 'काय केलंस' असं लिहिलेलं, लिहिताना खडू मोडलेला. डबी आपटायला हात वर गेला आणि तसाच वर राहिला. ती फुटली तर हाही आवाज गेला, हे कळण्याइतके ते हुशार होते. रागाने दम वर आला, तसा गळ्यातल्या नळीत कफ अडकून घुरघुर सुरू झाली. दुपारची साफसफाई अजून व्हायची होती. ते मटकन खुर्चीत बसले आणि गळ्याकडे बोट दाखवू लागले.

तिने दोरा तोडला. शांतपणे आत जाऊन गरम पाणी आणलं, फडकी आणली, ब्रश आणला, सगळं त्यांच्यासमोर स्टुलावर मांडलं. त्यांच्या हातातली पाटी घेतली, ओल्या फडक्याने कोरी केली आणि मशीनच्या मागे ठेवून दिली. मग समोर बसली, हात मांडीवर ठेवून.

त्यांनी पुन्हा गळ्याकडे बोट दाखवलं. घुरघुर वाढली होती. डोळ्यांत पाणी आलं होतं, कफाचं असेल.

"बोला की," ती म्हणाली. "मी ऐकतेय."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग अंगठा चाचपडत त्याच बटणावर गेला. डबी आता थांबत नव्हती.

'माझं चुकलं.'

"अजून," ती म्हणाली, आणि ब्रश हातात घेतला नाही.